आजारी प्रवाळाची चोरी

१

"स्वल्पविराम, माझ्या घरात चोर आहे."

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खाली काकांच्या दारात उभे होते. धाप लागलेली, चष्मा कपाळावर चढलेला. इतकी वर्षं शेजारी राहून काकांनी त्यांना असं विस्कटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"घरात? म्हणजे... घरातलाच?"

"बाहेरचा असता तर टीव्ही नेला असता. माझं आजारी प्रवाळ कशाला नेईल?"

काकांनी त्यांना आत घेतलं. खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली, जमिनीवरची सरकवून पायांना जागा केली. काका म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. आयुष्यभर छापखान्याच्या कोपऱ्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधल्या आणि दर चुकीमागे मनातल्या मनात त्या लेखकाची माफी मागितली. वाकून वाकून पाठ पुढे झुकली होती आणि बोलता बोलता मध्येच थांबायची सवय लागली होती. 'स्वल्पविराम' हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद केल्यावर कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून बसून असत; जेवायलाही हाक मारावी लागे. मग हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आली, तिच्यात दगड, दगडांवर जिवंत प्रवाळं, आणि डॉक्टर पुन्हा माणसांत आले. त्या टाकीतलं त्यांचं लाडकं प्रवाळ म्हणजे 'सूर्य'. मुठीएवढ्या दगडावर नारिंगी नळ्यांचा गुच्छ आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एक तोंड. बाकीची प्रवाळं दिव्याच्या उजेडावर बरीचशी निभावून नेतात. सूर्याला मात्र उजेडाचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला भरवावं लागे, आणि ते काम डॉक्टर रोज संध्याकाळी एकटे, दार लोटून करत.

"आज सकाळी बघतो तर जागा रिकामी. दगडासकट गेलाय." डॉक्टर पुढे वाकले. "आणि त्याआधी त्याला कोणीतरी मारत होतं. मांस झडून खालचं पांढरं हाड दिसायला लागलं होतं. गंमत बघ, पुढच्या रांगेतली तोंडं, ज्यांना मी जातीनं एकेक घास देतो, तीच खंगली. मागची, जिथे माझा हातही पोचत नाही, ती ठणठणीत!"

"मग आता?"

"आता काय? परवा, शनिवारी, टाकीवाला येईल आणि सगळं घेऊन जाईल. ज्या घरात मुक्या जिवावर कोणी डूख धरतं, त्या घरात मला टाकी नको."

टाकी गेली की डॉक्टर पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसणार, हे सांगायला कोणा हुशार माणसाची गरज नव्हती.

"डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. मी फक्त..."

"तू चुका शोधतोस. ही शोध. आणि घरात बोभाटा करू नकोस."

डॉक्टर गेले. नकार द्यायला हवा होता हे काकांना कळलं, पण तोवर जिन्यावरची पावलं थांबली होती.

२

दुपारी काका वर गेले. हातात पुस्तक होतं, परत करायला आलोय असं दाखवण्यासाठी. पुस्तक त्यांचं स्वतःचंच निघालं. सुदैवाने कोणी विचारलं नाही.

ते टाकीपुढे जाऊन उभे राहिले. हिरवी बोटं पाण्याबरोबर डुलत होती. मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं एक प्रवाळ दिव्याखाली फुगून बसलं होतं. जांभळी, गुलाबी, एकाहून एक देखणी मंडळी जागच्या जागी होती. फक्त पुढच्या कपारीत एक रिकामा खळगा होता. आजूबाजूला एक कणही तुटलेला नव्हता.

"तो बघ संशयित," डॉक्टरांनी काचेवर बोट टेकवलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी मिशा हलवत खडकावरून चालली होती. "सूर्याच्या तोंडातला घास पळवायची. दरोडेखोर!"

"पण तिला दगड उचलता येणार नाही."

"म्हणून तर तुला बोलावलं."

वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, चहा घेऊन आल्या. काकांचा कप काठोकाठ होता, डॉक्टरांचा जेमतेम अर्धा. "पथ्य?" काकांनी विचारलं. वहिनी "सवय" म्हणाल्या आणि टेबल पुसायला लागल्या. डॉक्टरांनी कप दोन्ही हातांत धरला.

"भरवता कशाने?" काकांनी विचारलं.

डॉक्टरांनी खणातून एक पिचकारी काढली. दवाखान्यातलीच, दातांच्या फटी धुवायची, पुढे वाकवलेली धातूची बारीक नळी. "आधी कोळंबीचं पाणी सोडायचं. वास लागला की तोंडं उघडतात. मग एकेका तोंडात बरोब्बर मध्ये घास. असं भरवणारा दुसरा कोणी दाखव मला!"

त्यांना फोन आला तशी काकांनी स्वयंपाकघर गाठलं. तिथे सून बसली होती, पोटावर बशी ठेवून फळं खात. दिवस भरत आले होते.

"या काका. मला विचारायला आलात ना? मीच पहिली संशयित. बाळाच्या पाळण्याला जागा हवी, टाकी अडचण करते, हे मी या घरात मोठ्याने बोललेली आहे."

काकांचे कान लाल झाले. "छे, छे. मी आपला..."

"आणि खरं सांगू? मी ते घेतलं नाही. बाबा त्या टाकीपुढे बसले की शीळ घालतात. आमच्या लग्नाच्या वेळी या घरात कोणी शीळ घालत नव्हतं. पाळणा काय, आमच्या खोलीतही मावेल." तिने एक फोड काकांपुढे केली. "माझी तक्रार दुसरीच आहे. फ्रीजरमधली ती गोठवलेली कोळंबी. माझ्या आइस्क्रीमला वास येतो! आणि सूर्य गेला म्हणतात, तरी पाकीट हलकं होतंच आहे. काल रात्रीपेक्षा आत्ता कमी आहे."

काकांचा घास तोंडातच राहिला. "बाकीच्यांना घालत असतील."

"बाकीच्यांना भरवायचा दिवस नव्हे आज. आणखी एक सांगते, हसू नका." सुनेने आवाज खाली आणला. "आमच्या खोलीला लागून जुना दवाखाना आहे ना, कुलूप लावलेला? आज सकाळपासून त्याच्या आतून कोणीतरी गुणगुणतंय."

३

टाकीवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. आत पाय टाकला की सगळ्या भिंतींवर पाणी बुडबुडत असे. टाकीवाला रबरी बूट घालून मिठाचं पाणी ढवळत होता. आडदांड माणूस, पण चेहरा उतरलेला.

"डॉक्टरांनी पाठवलं? मी चोरलं म्हणतात का?"

"तसं नाही. पण घराची किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून..."

"असते. मला चोरायचंच असतं तर मी तो मेंदू नेला असता. काय फुगलाय लेकाचा! नाहीतर ती जांभळी फांदी. सूर्य कोण नेतो हो? रोज खाऊ घाला, लाड करा, वर तो आजारी." त्याने काठी बाजूला ठेवली. "शनिवारी ती टाकी मोकळी करायची म्हणजे... माझ्याच हाताने लावलेली आहे. झोप नाही लागली मला."

काकांना त्याचं खरं वाटलं. पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे, असं वाटून ते पुन्हा घुटमळले. दुकानात एका काचेच्या भांड्यात छोटासा सूर्य होता. काका त्याच्यापुढे थांबले.

"याला भरवून दाखवता?"

टाकीवाल्याने कोळंबीचं पाणी सोडलं. मिटलेल्या नारिंगी कळ्या हळूहळू उमलल्या, पिवळे तंतू बाहेर आले. त्याने मऊ रबरी नळी लांबच धरून बारीक तुकडे पाण्यात सोडले. ते तरंगत तंतूंना लागले आणि प्रत्येक तोंडाने आपापला तुकडा ओढून घेतला.

"तोंडात नाही घालत?"

"अहो, तोंडात कशाला? ते काय तान्हं बाळ आहे? आपण वाढायचं, जेवायचं त्यांनी. अंगाला तर हातच लावायचा नाही. आतलं हाड धारदार, वरचं मांस ओल्या कागदासारखं. जरा टोचलं की फाटतं."

काकांचं लक्ष त्या नळीवर अडकलं. छापखान्यात असं व्हायचं. एखादं पान वाचून पुढे जावं आणि दोन ओळी खाली गेल्यावर पाय अडावा, मागे काहीतरी राहिलं म्हणून.

"डॉक्टर कसे भरवतात, तुम्ही पाहिलंय?"

"नाही बुवा. ते दार लावून घेतात. डॉक्टरांच्या बाईंनीही मला हेच विचारलं होतं परवा, कसं भरवायचं म्हणून. मी त्यांना ही नळी दिली. मिठाच्या पाण्याचा एक कॅनही जास्त मागितला त्यांनी, हाताशी असू दे म्हणाल्या."

काकांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"एक शेवटचं. हे प्रवाळ अंधाऱ्या, बंद खोलीत जगेल?"

"हेच एक जगेल," टाकीवाला म्हणाला. "बाकी सगळी मरतील."

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, डॉक्टर फिरायला गेलेले पाहून काका जिना चढले. दवाखान्याला जिन्याकडून वेगळं दार होतं. काकांनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. आपण चुकत असलो तर एका भल्या बाईला दुखवू. बरोबर असलो तर दोघांना. आतून बारीक घूं-घूं ऐकू येत होती. त्यांनी दार वाजवलं.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. वहिनींच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि मनगटावर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती.

"काका." त्या बाजूला झाल्या. "या. तुम्हीच याल असं वाटलं होतं."

पेशंटच्या खुर्चीशेजारी पांढरी बादली होती. तिच्यात एक छोटा पंप गुणगुणत होता आणि तळाशी सूर्य पूर्ण फुलला होता.

"कशावरून ओळखलंत?"

"मला खात्री नव्हती, वहिनी. अजूनही..." काका बादलीकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघून बोलणं जमलं नसतं. "चोर नेहमी चांगलं ते नेतो. इथे देखणं सगळं सोडून आजारी तेवढं नेलं. आजारी माणसाला कोण उचलून नेतं? ज्याला त्याची सेवा करायची असते, तोच. कोळंबी कमी होत होती, म्हणजे सूर्य जिवंत होता आणि जेवत होता. अंधारात जगणारं हे एकच. आणि घरात अंधारी खोलीही एकच."

"मग मी का नेलं, तेही ओळखलं असेल."

काका थांबले. हा थांबा नेहमीपेक्षा लांबला.

"खंगलेली तोंडं पुढची. जिथे हात पोचतो ती. मागे हात पोचत नाही, ती ठणठणीत. दुसरं कोणी प्रवाळाला भरवायला टाकीत धातूची नळी मुळी नेतच नाही. प्रत्येक तोंडात मधोमध घास घालायचा हे फक्त दातांच्या डॉक्टरलाच सुचेल. आणि तुम्ही त्यांचा चहा अर्धाच ओतता... सांडू नये म्हणून."

वहिनी पेशंटच्या खुर्चीवर टेकल्या. "हात थरथरतो त्यांचा. हा दवाखाना त्यांनी स्वतःहून बंद केला, कोणी सांगायच्या आत. डोळे थकले म्हणाले. मी मान डोलावली. मग टाकी आली, आणि म्हणाले, अगं, हे पेशंट बरे, कण्हत नाहीत. सोमवारी दाराच्या फटीतून पाहिलं मी. ते त्याला टोचत होते काका, आणि वर त्याच्याशी प्रेमाने बोलत होते. काय सांगणार मी? तुमच्या हातानेच मरतोय?"

"तुम्ही तो बरा करून परत ठेवणार होतात."

"हो. आणि म्हणणार होते, मला दुपारी करमत नाही, भरवायचं काम मला द्या. तर यांनी चोरच उभा केला! उद्या टाकी चालली. सूर्य परत ठेवला तरी प्रश्न, नाही ठेवला तरी प्रश्न. तुम्ही पुस्तकात चूक सापडली की काय करायचात हो?"

"समासात प्रश्नचिन्ह टाकायचो. फार बारीक. खोडायचं काम लेखकाचं."

"मग टाका ना तसं एखादं. मला अक्षर जमत नाही तुमच्यासारखं."

त्या बोलल्या आणि त्यांचे डोळे काकांच्या खांद्यावरून मागे गेले. काका वळले.

घराकडच्या दारात डॉक्टर उभे होते, आणि ते बराच वेळ तिथे असावेत.

५

डॉक्टर आत आले. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी भिंगाचा चष्मा काढला, चढवला आणि बादलीजवळ गुडघ्यांवर बसले. वहिनी धरायला पुढे झाल्या. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

ते पाहत राहिले. एकेक तोंड, पुढून मागे, जबडा तपासावा तसं.

"हा रोग नाही," शेवटी ते म्हणाले. आवाज दवाखान्यातला होता. "रोग पसरतो. कडा सडतात. या जखमा सुट्या सुट्या आहेत आणि सगळ्या उजवीकडून आलेल्या. हत्याराच्या जखमा आहेत या. शिकाऊ मुलांच्या हातून अशा व्हायच्या."

मग त्यांनी खुर्चीवरचा मोठा दिवा लावला आणि त्याच्या उजेडात आपला उजवा हात पसरून धरला. तिघांनी तो पाहिला. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"मला वाटलं होतं मी वेळेवर थांबलो."

"थांबलातच," वहिनी म्हणाल्या. "एका माणसाला तुमच्या हातून इजा झाली नाही. मी होते ना इथे, मला माहीत आहे."

"याला झाली."

"त्याला मी उचलून आणलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. काका निघायला वळले, पण पायात पंपाची वायर आली आणि त्यांना थांबावं लागलं. थांबावं लागलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं. पुढे मात्र थांबल्याचंच बरं वाटत राहिलं.

"अगं, आणि मी चोर शोधत होतो! याला कामाला लावलं!"

"मग? सापडला की नाही?"

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्यांनी तो थरथरता हात तसाच बायकोच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुझे आभार मानायचे राहिले."

"आजचे?"

"पहिल्या पेशंटपासूनचे. सगळे म्हणायचे, डॉक्टरांचा हात हलका. हात माझा होता, पण कुठला पेशंट घाबरलाय, कधी थांबायचं, हे तुझ्या डोळ्यांकडे बघून कळायचं मला. कधी बोललो नाही."

"आता बोललात ना. उठा, गुडघे धरतील." पण वहिनींनी तो हात बाजूला केला नाही.

६

शनिवारी टाकीवाला पिंपं, जाळ्या आणि पडलेला चेहरा घेऊन आला. डॉक्टरांनी दार उघडलं.

"टाकी कुठे जात नाही," ते म्हणाले. "आणि मी तुमच्यावर संशय घेतला होता. चुकलो."

टाकीवाल्याने पिंपं उगाच इकडून तिकडे हलवली. "आणलीच आहेत तर पाणी बदलून जातो," तो म्हणाला, आणि काम करताना एकदा बाहीने नाक पुसलं. मग सूर्याला त्याच्या खळग्यात त्यानेच बसवलं, दगड नीट टेकवून, झोपलेल्याला गादीवर ठेवावं तसं.

संध्याकाळी या वेळी दार लोटलेलं नव्हतं. सून पाय वर घेऊन समोरच बसली होती. कोळंबीच्या पाकिटाबद्दल ती काही बोलली नाही. फ्रीजरमध्ये झाकणाचा डबा काकांनीच आणून ठेवला होता. वहिनींच्या हातात मऊ नळी होती. डॉक्टर भिंगाचा चष्मा लावून काचेला नाक टेकवून होते.

"आधी वास दे. घाई नको. थोडं डावीकडे. अगं, त्या दरोडेखोराला आधी तिकडे एक तुकडा टाक, म्हणजे तो गुंतेल."

"दिसतंय मला."

"वरून दिसत नाही. मी इथून सांगतो ना."

"सांगा. पण श्वास घ्या मध्ये."

नारिंगी तोंडं उघडू लागली. आधी मागची, मग बाजूची. पुढच्या रांगेत पांढऱ्या हाडांच्या कडा होत्या, पण भिंगातून डॉक्टरांना तिथे काहीतरी दिसलं आणि त्यांनी काकांना खेचून जवळ घेतलं. काकांनी उसना चष्मा लावला. एका हाडाच्या काठावर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ, नारिंगी कातडी चढत होती.

"भरतंय," डॉक्टर कुजबुजले. "स्वल्पविराम, तू नसतास तर हे..."

"मी काही नाही केलं. मी फक्त विचारलं."

"हो. तेवढंच कोणी करत नव्हतं."

काकांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. या दोन दिवसांत आपण दुसऱ्याच्या घरात, इतक्या माणसांच्या मनात शिरलो आणि कोणी आपल्याला हाकललं नाही, याबद्दल त्यांना ज्यांचे आभार मानायचे होते ती सगळी माणसं याच खोलीत होती. ते खाकरले. पण कोणी वाट पाहत नव्हतं. सगळे काचेकडे बघत होते.

वहिनींनी नळी थोडी दाबली. एक तुकडा तरंगत खाली आला आणि पुढच्या रांगेतल्या त्या अर्धवट तोंडाजवळ रेंगाळला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पिवळा तंतू बाहेर आला, तुकड्याला चिकटला, आणि हळूहळू तो घास आत ओढला गेला.

सून टाळी वाजवायला गेली आणि मध्येच थांबली. डॉक्टर काचेवरून सरळ झाले. दोन्ही हात त्यांनी शांतपणे मागे बांधले आणि पेशंटला बोलवायचे तसं दाराकडे नाही, बायकोकडे बघत म्हणाले,

"पुढचा."